त्याचाच पगार घेतात ना?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चिंताकीच्या शिवारात कडब्याची गंज पेटली. भर दुपार, वारा सुटलेला, शेजारी आणखी दोन गंजी आणि पलीकडे गोठा. गावात बंब नाही, तो बाहेरून यायचा. आला तोवर एक गंज राख झाली होती, पण गोठा आणि जनावरं वाचली. बंबावरची दोन पोरं तासभर धगीपुढं उभी होती, तोंडाला नुसता ओला रुमाल बांधून. संध्याकाळी मंदिरात विषय निघाला. मी म्हटलं, "बिचारी पोरं, केवढी ती धग!" तर आमच्यातलीच एक बाई माळ ओढता ओढता म्हणाली, "त्याचाच पगार घेतात ना, अक्का?"

मंदिरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आज त्याला उत्तर देते, आणि ते एकट्या त्या बाईला नाही. मुंबई-पुण्यात आग लागल्याची बातमी आली की आपल्या घराघरांत हेच वाक्य ऐकू येतं.

पगार कशाचा असतो? पाणी मारण्याचा, शिडी चढण्याचा, रात्री-अपरात्री उठून धावण्याचा. मान्य. आगीजवळ जाण्यात जी जोखीम आहे, तीही त्यांनी समजून-उमजून घेतलेली असते. पण दुसऱ्यांनी आधीच रचून ठेवलेल्या धोक्याचा पगार कुठल्या सरकारने ठरवला आहे?

14 एप्रिल 1944 ची गोष्ट घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवू नये, हे चुलीपुढं बसणाऱ्या बाईलाही कळतं. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाचे जवान पाण्याच्या नळ्या घेऊन चढले. जहाज तिथंच बुडवावं की बंदराबाहेर न्यावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. तोवर हे आपले पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं, आणि अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा एकदा फुटलं. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या आठवणीसाठीच देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. माल भरला कुणी, परवानगी दिली कुणी, निर्णय लांबवला कुणी. आणि विधवा झाल्या त्या कुणाच्या बायका?

तुम्ही म्हणाल, तो लढाईचा काळ होता. मग 9 मे 2015 घ्या. मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. दाट पेठ, अरुंद गल्ल्या. रहिवाशांना बाहेर काढलं. आग विझवत असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी तिथंच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि खुद्द दलप्रमुख सुनील नेसरीकर भाजले, आणि त्याच महिन्यात दवाखान्यात एकापाठोपाठ एक वारले. दलाचा सगळ्यात मोठा अधिकारी कचेरीत बसून हुकूम सोडत नव्हता, आगीच्या तोंडाशी उभा होता. प्रमुखाचा पगार मोठा असतो ना? त्या पगारानं कोसळती इमारत थांबली का?

आता घरातलं सांगते. माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिचा नवरा बंबावर आहे. नाव-गाव लिहीत नाही. ती म्हणाली, "अक्का, दूर कुठं भोंगा वाजला तरी भाकरी थापायचं सोडून मी फोन हातात घेते. फोन लागत नाही. ते आगीत असले तर उचलणार कसा? मग शेजारणीला विचारायचं, टीव्ही लावायचा. लेकराला सांगायचं, पप्पाला आज उशीर हाय, तू जेवून घे. बाराच्या पुढं दार वाजलं की मी आधी त्यांचे हात-पाय बघते, मग पाणी देते."

दुसरी एक भीती तिला ठाऊकच नव्हती, ती मी सांगितली, आणि सांगताना मला वाईट वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2022 साली आग विझवण्याचं कामच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींमध्ये घातलं. जळतं प्लास्टिक, रंग, फोम यांचा धूर आणि काजळी अंगावर, कपड्यांवर बसते. ते कपडे ही बाई आजवर लेकरांच्या कपड्यांत भिजवत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं की ते वेगळे धुवावेत, शक्यतो घरी आणूच नयेत. म्हणजे आग विझली तरी घरचा धोका संपत नाही. हा कुठल्या पगारात धरलाय?

"एवढी भीती वाटते तर नोकरी करू नये," असंही काही जण म्हणतात. ठीक आहे, उद्या सगळ्यांनी सोडली. मग तुमच्या दुकानाला आग लागली तर कोण येणार? आपल्या समाजात किराण्याची दुकानं आहेत, कापडाची आहेत, आडत आहे, गोदामं आहेत. बंबावर चढलेला आपला मुलगा मला तरी माहीत नाही. माल आपला, आणि तो वाचवायला आत जाणारा पोरगा दुसऱ्या आईचा. निदान बोलताना तरी जीभ आवरावी.

आणि आपण तर अहिंसावाले. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, दिव्यावर चिलट पडू नये म्हणून जपतो. अग्निकायिक जीवाचासुद्धा विचार आपल्या धर्मात केलेला आहे. अनर्थदंडाचे जे प्रकार प्रवचनात सांगतात, त्यात प्रमादचर्या येते. गरज नसताना, बेफिकिरीनं माती, पाणी, आग, वारा यांच्याशी वागणं, ती प्रमादचर्या. हे आपण माना डोलवत ऐकतो आणि घरी येऊन एकाच बोर्डावर तीन पिना खुपसतो. गॅसची नळी तडकली तरी "चालतंय की" म्हणतो. पर्वाला मंदिरावर माळा सोडायच्या म्हणून उघड्या तारा जोडतो. मंडपात कापडी पडदे लावून एकच दार ठेवतो. मुंगी वाचवायची आणि माणसाला धुरात पाठवायचं, हा कुठला हिशोब?

मी काही वेगळी नाही. आमचं दुकान खाली, घर वर. वर जायचा जिना एकच. त्या जिन्यात कित्येक वर्षं रिकामी खोकी, तेलाचे डबे आणि जुन्या गोण्या होत्या. मीच ठेवायला लावल्या होत्या, माळ्यावर जागा नाही म्हणून. पंधरा वर्षांत एकदाही मनात आलं नाही की आग लागली तर आम्ही उतरणार कुठून, आणि आम्हाला काढायला येणारा चढणार कुठून. त्या बाईशी बोलून आले आणि जिन्यात उभी राहिले, तेव्हा लाज वाटली.

मैत्रिणींनो, शासनाकडं मागायचं ते मागूच. जवानाला चांगला मास्क आणि कपडे हवेत, वर्षाला तपासणी हवी, गेला तर त्याच्या घराला वेळेत पैसे हवेत. पण घर आणि मंदिर आपल्या हातात आहे. जिना मोकळा ठेवा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला, मेन स्विच कुठं आहे ते सुनेला, लेकरांना दाखवा. मंदिराच्या पंचांना विचारा, दुसरं दार उघडतं का, वायरिंग कधी तपासलं? आग लागलीच तर 101 किंवा 112 ला फोन करा, एकाला रस्त्यावर उभं करा आणि आलेल्या माणसाला आधी खरं सांगा: आत कोण आहे, सिलिंडर किती, कुठं काय साठवलंय. "तिजोरी आत राहिली हो" म्हणून त्याला पुन्हा आत ढकलू नका.

मंदिरातली ती बाई मला रोज भेटते. आता विषय निघाला की मी गप्प बसणार नाही. जिन्यातली खोकी मी काढली आहेत. तुमच्या जिन्यात काय आहे, ते आज संध्याकाळच्या जेवणाआधी एकदा बघून या.