कारणाच्या रकान्यात न मावणारे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि विद्यार्थ्यांच्या राज्यनिहाय यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. ‘परीक्षेतील अपयश’, ‘प्रेमप्रकरण’, ‘कौटुंबिक समस्या’ अशा ठरीव वर्गांपैकी एकात प्रत्येक मृत्यू बसवावा लागतो, आणि पुढे मथळ्यापासून धोरणापर्यंत सगळे त्याच शब्दावर विसंबतात. निमित्ताची नोंद कारण म्हणून होते, ती इथे.

दहावीत विषय राहिलेली बहुतेक मुले फेरपरीक्षेला बसतात आणि मार्गी लागतात. एखाद्यालाच तो निकाल का पेलवत नाही, याचे उत्तर बहुधा त्याआधीच्या काळात असते: न ओळखलेले नैराश्य, उडालेली झोप, घरातली मारहाण, वर्गातली छळवणूक. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी यातल्या दोन धारणांवर बोट ठेवले आहे: आपण कुणाचेच नाही, आणि आपण घरच्यांवर ओझे आहोत. दुसरी धारणा आपल्याकडे फार सहज तयार होते. कर्ज काढून मुलाला लातूरला किंवा कोट्याला ठेवले जाते. खोलीभाडे, मेस आणि क्लासची फी यांचे आकडे त्याला पाठ असतात. अशा वेळी ‘तुझ्यासाठीच चाललंय सगळं’ हे मायेने उच्चारलेले वाक्य, चाचणीत गुण घसरलेल्या मुलाला थकबाकीच्या नोटिशीसारखे ऐकू येते.

त्यात वयाची भर पडते. भावनांना प्रतिसाद देणारी मेंदूतील यंत्रणा पौगंडावस्थेत लवकर तीव्र होते, तर आवेगाला आवर घालणारा पूर्वललाट भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. त्यामुळे दुःख दीर्घकाळाचे असले तरी प्राणघातक आवेग अनेकदा अल्पकाळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात सोबतीला माणूस असणे व घातक वस्तू कुलपाआड असणे निर्णायक ठरू शकते. राज्य मंडळाने २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला सुरुवात केली, तिचे मोल याच दृष्टीने मोजायला हवे: ‘वर्ष वाया गेले’ हा अटळ वाटणारा निष्कर्ष तिने काही आठवड्यांच्या अडथळ्यावर आणला.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. हा निर्देश आवश्यकच आहे. पण समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचत असेल, तर मूल त्या खोलीची पायरी पुन्हा चढणार नाही. गोपनीयतेच्या हमीविना झालेली नेमणूक तपासणीपुरतीच राहण्याची भीती आहे.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार भरतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. शंका आली तर शांतपणे विचारा, उत्तर मध्येच न तोडता ऐका आणि त्याला एकटे सोडू नका. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क उपलब्ध आहे.