गटावरचा हुकूम, वहीतली नोंद

आमच्या ओळखीच्या एक आयुष्मती एका मोठ्या शासकीय संस्थेत लिपिक आहेत. परवा घरी आल्या त्या हातात चौकडीची वही घेऊन. वहीत तारीख, वेळ आणि पुढे एकेक ओळ. आम्ही विचारले, हे काय? म्हणाल्या, "दादा, साहेबांचे हुकूम आता व्हॉट्सॲपच्या गटावर येतात. ते उतरवून ठेवते."

कारण ऐकले आणि वहीचा उलगडा झाला. मागे एकदा रात्री पावणेदहाला निरोप आला : उद्या कार्यालयात न येता परस्पर तालुक्याच्या शिबिराला जावे. बाई गेल्या. इकडे हजेरीपटावर गैरहजेरी लागली आणि चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस. गटावर पाहतात तो निरोप काढून टाकल्याची ओळ तेवढी उरलेली!

मोठ्या संस्थांनी ही साधने धरली याला आमचा विरोध नाही. पूर्वी मुख्यालयातून निघालेले परिपत्रक खालच्या टेबलावर पोहोचेपर्यंत ज्येष्ठता यादीवर हरकत घेण्याची मुदत टळून जाई. कधी आळसाने, कधी मुद्दाम. आमच्या कित्येक बांधवांच्या पदोन्नत्या अशाच हुकल्या. आज तीच यादी साहेबाला आणि शिपायाला एकाच क्षणी दिसते, ही लहान गोष्ट नव्हे. राज्य शासनानेही जुलै २०२५ मध्ये अंतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरण्यास मोकळीक दिली.

पण गट म्हणजे कार्यालय नव्हे. कार्यालयात जावक क्रमांक असतो, खाली सही असते. गटावर फक्त ॲडमिननेच बोलावे अशी सोय २०१८ पासून आहे. २०२२ पासून तर ॲडमिन दुसऱ्याचा निरोपही सर्वांच्या फोनवरून पुसू शकतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले त्याचे नाव 'मूकनायक'. शंभर वर्षांनी आमच्या शिकल्यासवरल्या मुली नोकरीला लागल्या आणि गटावर पुन्हा मुक्या! उलट बोलावे तर सर्वांदेखत बोलणी. (आणि रात्री दहाला फोन वाजला की घरातल्यांची तोंडे वाकडी होतात ती वेगळीच.)

तेव्हा आमच्या नोकरदार भगिनींना एवढेच सांगू : गटावर हुकूम आला की पडद्याचे छायाचित्र त्याच वेळी काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 'लेखी आदेश मिळावा' असा साधा अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्या. साहेब रागावतील. रागावू द्या.

त्या आयुष्मतींच्या हाती नोटिशीवर एकच पुरावा होता, शिबिराच्या हजेरीपत्रकावरची त्यांची सही. तिची प्रत मिळवायला दोन खेपा पडल्या. ती जोडून त्यांनी खुलासा दिला, शिक्का मारून पोच घेतली. त्याला दीड महिना झाला. कार्यालयाचे उत्तर अजून आलेले नाही.