यंत्राच्या स्वाधीन केलेला वारसा

वसईच्या ख्रिस्ती समाजात अलीकडे एक सोयीस्कर समाधान रूढ होत आहे. सामवेदी वा वाडवळी बोलीतील लग्नगीते मोबाईलमध्ये उतरविली, की ‘बोली जपली’ असे मानून आपण मोकळे होतो. या समाधानाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

इतिहास काय सांगतो? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा निघाले. मुद्रणकला हे त्या काळचे नवलाईचे तंत्र. तरीही या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तगला, तो नकलून घेणाऱ्या हातांमुळे आणि श्रद्धेने गाणाऱ्या कंठांमुळे. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात तो पुन्हा छापला, तो अशा हस्तलिखितांच्याच आधारे.

तंत्राशी आमचे वैर नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. आज ‘पारी’ या संग्रहातून त्यांपैकी काही जगात कोठेही ऐकता येतात. ही संगणकाची देणगी आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु तेथे गाणारीचे नाव, तिचे गाव, ओवीचा विषय यांची नोंद करण्याचे कष्ट माणसांनी घेतले, म्हणूनच यंत्राला काही सांगता आले.

आपल्या मोबाईलमधील गीतांचे काय? गाणारी कोण, गीत कोणत्या विधीचे, एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारले कोणी? ‘आधी साठवू, अर्थ मागाहून लावू’ असे म्हणणारे विसरतात, की अर्थ सांगणारी पिढी वाट पाहत थांबणार नाही. ऐकून लिहून देणारी नवी यंत्रे प्रामुख्याने प्रमाण मराठीवर पोसलेली आहेत. बोलीतला शब्द आला, की ती जवळचा प्रमाण शब्द बसवून देतात. गाणारी हयात आहे तोवर ही चूक सुधारता येईल. पुढे तीच चूक पुरावा म्हणून उद्धृत होईल.

आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंद नाव, आईबाप, धर्ममातापिता आणि तारीख यांवाचून होत नाही. मग आपल्या आयाबायांच्या गीतांनीच निनावी का राहावे? प्रत्येक धर्मग्रामाने गीतांची वेगळी नोंदवही ठेवावी. गाणारीची संमती घ्यावी, बोली जाणणाऱ्याने तिच्याजवळ बसून शब्द लिहून काढावेत, ते तिला वाचून दाखवावेत, आणि प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. यासाठी फार पैसा लागत नाही. लागतात त्या काही संध्याकाळी, आणि त्या देण्याची जबाबदारी आपल्या सुशिक्षित तरुणांनी याच वर्षी उचलावी, अशी आमची मागणी आहे.