रिपोर्टवरची सही आणि रिपोर्टातला आकडा

महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या आगेमागे कायदे बरेच आहेत. तिथली किट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. वापरलेल्या सुया आणि रक्ताचा कापूस यांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. शेजारच्या सोनोग्राफी केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, रक्तपेढीला परवाना लागतो. किट उघडल्यापासून कचरा टाकेपर्यंत मधे जी चाचणी होते, तिचा आकडा बरोबर आला का, हे विचारणारे मात्र कायद्याने कोणी नेमलेले नाही. संसदेचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा लॅबना लागू होतो, पण राज्याने तो स्वीकारावा लागतो आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे.

या पोकळीचे समर्थन करणारे म्हणतात की वाईट लॅब आपोआप बंद पडते, कारण डॉक्टर तिच्याकडे पेशंट पाठवणे थांबवतात. ढोबळ चुकीपुरते हे खरे आहे. चालत आलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन ३ लिहून आले तर कोणताही डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगेल. पण क्रिएटिनिन १.१ ऐवजी १.५ आले, थायरॉइडचा आकडा थोडा वर सरकला, तर तो कागदावर खऱ्यासारखाच दिसतो आणि त्यावरून गोळी सुरू होते. पेशंटला तर तुलनेला दुसरा आकडाच नसतो. शिवाय जिथे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला ‘कट’ देणे चालते तिथे लॅबची निवड गुणवत्तेवर होत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही.

दुसरा पक्ष पॅथॉलॉजिस्टांचा. १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. या आदेशाची अंमलबजावणी झाली की प्रश्न सुटला, असे हा पक्ष मानतो. बायोप्सी किंवा रक्ताची स्लाइड वाचण्यापुरते त्याचे म्हणणे निर्विवाद आहे. ते काम वर्षानुवर्षांच्या अनुभवावर डीएमएलटी ही पदविका घेतलेल्या तंत्रज्ञाने करावे, हा उलट बाजूचा दावा टिकत नाही. पण साखर, सोडियम, कोलेस्टेरॉल हे आकडे यंत्रातून येतात. त्यांचा खरेपणा त्या सकाळी यंत्राचे कॅलिब्रेशन झाले का, उत्तर आधीच माहीत असलेला कंट्रोल नमुना लावला का, तो मर्यादेत आला का, यावर ठरतो. एका शहरात बसून चार गावांतल्या लॅबच्या रिपोर्टवर छापून जाणारी सही त्यातले काहीच पाहत नाही. पेपर न वाचता गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या परीक्षकाची पदवी कितीही मोठी असली तरी गुण त्यामुळे बरोबर ठरत नाहीत. सहीने जबाबदार कोण ते कळते, एवढाच तिचा उपयोग. तो कमी नाही, पण पुरेसाही नाही.

तिसरा उपाय लॅबना मानांकन देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन सर्वांना सक्तीचे करण्याचा. आयएसओ १५१८९ या मानकावर चालणारी ही व्यवस्था मुळात ऐच्छिक आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या चाचणीची मुभा देताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) खासगी लॅबसाठी हीच अट घातली. मानक उत्तम आहे. पण त्यामागची कागदपत्रे, अंतर्गत तपासण्या आणि खर्च तालुक्यातल्या दोन माणसांच्या लॅबला झेपणारे नाहीत. सक्ती झाली तर अशी लॅब सुधारण्याऐवजी एखाद्या मोठ्या साखळीचे कलेक्शन सेंटर होईल आणि रक्त तिथल्या तिथे तपासले जाण्याऐवजी गाडीने शहरात जाईल. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेल्या साध्या नळीतल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, म्हणजे चार तासांच्या प्रवासात मधुमेह झाकला जाऊ शकतो. शिवाय मानांकन लॅबच्या यादीत नमूद चाचण्यांनाच असते. दारावरचा शिक्का पाहणाऱ्याला हे कळत नाही.

मग सक्ती कशाची हवी? नोंदणीची आणि बाह्य गुणवत्ता चाचणीची, म्हणजे बाहेरून आलेल्या नमुन्यावर लॅबचे उत्तर पडताळण्याची. दुसरी कल्पना जुनी आहे. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लॅबना एकसारखे नमुने पाठवले, तेव्हा उत्तरांतली तफावत धक्कादायक निघाली. अमेरिकेने १९६७ मध्ये पहिला कायदा केला. गर्भाशयमुखाच्या पॅप स्मीअर स्लाइडी घाईने वाचल्या जात असल्याचे १९८७ मध्ये वृत्तपत्राने उघड केल्यावर १९८८ मध्ये तो जवळजवळ सर्व लॅबना लागू करणारी दुरुस्ती झाली. तिथे बहुतेक नेमलेल्या चाचण्यांसाठी वर्षातून तीन वेळा, दर खेपेस पाच नमुने येतात. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जीवरसायनासाठी आणि दिल्लीचे एम्स रक्तशास्त्रासाठी अशा योजना चालवतात. यंत्रणा तयार आहे. महाराष्ट्रात भाग घेणे मात्र लॅबच्या मर्जीवर आहे.

यावरचा खरा आक्षेप असा, की परीक्षेचा नमुना आला की लॅब तो जपून, दोनदा लावते किंवा शेजाऱ्याला विचारते. म्हणूनच अमेरिकी कायद्यात तो नमुना दुसऱ्या लॅबकडे पाठवल्यास लॅबचे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. सदोष रक्तचाचण्यांमुळे बदनाम झालेल्या थेरानोस या अमेरिकी कंपनीकडेही प्रमाणपत्र होतेच, असेही सांगितले जाते. खरे आहे; पण २०१५ च्या सरकारी तपासणीतच तिच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबमधले धोके नोंदले गेले आणि २०१६ मध्ये प्रमाणपत्र काढून घेण्याचा निर्णय झाला. तपासणी उशिरा झाली, एवढाच दोष. नमुना घेताना आणि नेताना होणाऱ्या चुका मात्र ही परीक्षा पकडत नाही. इटलीतल्या पादुआच्या १९९७ च्या अभ्यासात ६८ टक्के चुका चाचणीपूर्वीच्या होत्या. म्हणून नोंदणीत कलेक्शन सेंटरही हवे आणि रक्त किती वाजता काढले, ते रिपोर्टवर छापलेले हवे.

इन्स्पेक्टर राज येईल ही लहान लॅबची भीती अनाठायी नाही. तिच्यावर उतारा शिक्षेच्या आकारात आहे. सलग दोन फेऱ्यांत पोटॅशियम चुकले, तर पोटॅशियमची चाचणीच थांबावी. सुधारणा दाखवून ती पुन्हा सुरू करता यावी. बाकी लॅब चालू राहते, आणि अधिकाऱ्याच्या हातात पूर्ण टाळे लावण्याची धमकी उरत नाही.