थांब्यावरचा शब्द

हिवाळ्यातील रविवारी नंदुरबारहून प्रकाशाकडे सायकलीने निघालेल्या मंडळींना गाव सोडताच पहिला अनुभव येतो तो मिरचीचा. पथारींवर वाळत घातलेली लाल मिरची पहाटेच्या अंधुक प्रकाशात डोळ्यांना दिसण्याआधी घशाला जाणवते. कोणी खोकतो, कोणी रुमाल नाकाशी धरतो आणि त्या खोकल्यातूनच बोलण्यास प्रारंभ होतो. “यंदा माल बरा आहे.” “माल बरा, पण भाव?” झाले! गियर, टायरमधील हवा, मागच्या रविवारचे अंतर हे सारे विषय मागे पडतात. मिरचीवरून पाऊस, पावसावरून शेतकऱ्याकडील उधारी, उधारीवरून लग्नसराई आणि लग्नसराईवरून कोणाच्या तरी घरची नवी सोयरीक, अशी वाट काढीत गप्पा तापीच्या पुलापर्यंत येऊन पोचतात.

सायकलीच्या नादाने एकत्र आलेली माणसे सायकलीविषयी फार थोडे बोलतात, हे पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. पण ते स्वाभाविक आहे. चेनला तेल कोणते घालावे, हा विषय किती वेळ पुरणार? सायकल हे एकत्र येण्याचे निमित्त असते. एकत्र आल्यावर माणूस बोलतो ते आपल्या संसाराचे, व्यवहाराचे आणि मनातल्या काळजीचे.

बोलणे आणि सायकल यांचे नाते शरीरशास्त्रालाही ठाऊक आहे. व्यायाम कितपत जोराचा चालला आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी वैद्यक सांगते. श्रम करीत असताना माणूस बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही, तेव्हा श्रम मध्यम समजावेत. दोनचार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागला, तर ते जोराचे समजावेत. म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्या गतीने चालणारी सायकल हृदयालाही मानवते. तोरणमाळच्या चढावर ही सारी मंडळी मुकी होतात आणि सपाटीला येताच पुन्हा बोलकी होतात, यात नवल नाही. मात्र वाहत्या महामार्गावर जोडीने चालवीत गप्पा मारणे हा जिवाशी खेळ आहे. तेथे एकामागे एक चालावे आणि बोलणे थांब्यासाठी राखून ठेवावे.

लांब अंतराच्या सायकल-भ्रमंतीचा जो प्रकार आज महाराष्ट्रातही रुजला आहे, त्याच्या नियमांतच या थांब्याला जागा आहे. १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वार रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर अंतर एका दिवसात तोडण्यासाठी निघाले. त्या साहसावरून या प्रकाराला ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हे नाव पडले. आज ‘ब्रेव्हे’ या नावाने जे उपक्रम होतात, त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. हिशेब केला तर ताशी पंधरा किलोमीटरहूनही कमी गती पुरते आणि चहा, नाश्ता, पंक्चर, विसावा हे सारे त्याच वेळेत बसते. येथे पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. वेळेत पोचला तो पूर्ण झाला, एवढेच. जेथे क्रमांक नाही, तेथे शेजारी चालणारा प्रतिस्पर्धी राहत नाही, सोबती होतो.

ज्या शर्यतीत घड्याळ निष्ठुर असते, तेथेही शब्दाची गरज सुटत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे साथीदारांची गाडी चालते. रात्री पापण्या जड होऊ लागल्या की गाडीतील माणसे त्याच्याशी बोलत राहतात. ते बोलणे बहुधा शर्यतीचे नसते. घरचे, मुलांचे, जुन्या आठवणींचे असते. विषय सोडून केलेले बोलणेच तेथे माणसाला जागे ठेवते.

व्यापारी कुटुंबातील माणसाला तर याची निकड अधिक. पेढीवर बसलेल्याचा प्रत्येक शब्द तोलून पडतो. गिऱ्हाइकाशी बोलताना भाव, दलालाशी बोलताना दुसरा भाव, बँकेत बोलताना तिसरीच सावधगिरी. घरी यावे तर आईवडिलांना काळजी नको म्हणून मौन आणि मुलांपुढे धीर म्हणून मौन. रोजमेळात जमा-नावे लिहिता येते. मनातील ओझे लिहिण्यासाठी खाते नसते. रविवारी सकाळचे दोन तास मात्र असे असतात, जेव्हा उच्चारलेल्या शब्दावर काही विकायचे किंवा घ्यायचे नसते.

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमाजवळ, केदारेश्वराच्या परिसरात सायकली टेकतात तेव्हा ऊन नुकतेच वर येत असते. मंडळींत कोणाचा नवकारसीचा नियम असतो. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, होईपर्यंत त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाणार नसतो. शिक्षक असोत, औषधविक्रेते असोत की शेतकरी असोत, नियम नसलेले सोबतीही मग चहा मागवीत नाहीत. “होऊ द्या वेळ, सगळे मिळून घेऊ.” आग्रह नाही, उपकाराची भाषा नाही. त्या थांबलेल्या वेळातच खरे बोलणे होते.

कोणत्याही बाजारपेठेच्या गावी घडावा असा एक प्रसंग येथे डोळ्यांपुढे आणावा. पन्नाशी ओलांडलेले एक किराणा व्यापारी टायरची हवा पाहत, कोणाकडेही न बघता म्हणतात, “मुलगा म्हणतो, पुण्यातच राहीन. आता दुकान पाहायचे तरी कोणासाठी?” थोड्या वेळाने तेच सहज विचारतात, “मोठा वजनकाटा कोणाला हवा आहे का? फारसा वापरलेला नाही.” दोनच वाक्ये. विषय पुढे क्रिकेटकडे वळतो. पण ऐकणाऱ्यांत घाऊक मालाचे एक व्यापारी असतात आणि त्यांची मोठी रक्कम त्याच दुकानाकडे येणे असते. काटा विकायला निघालेल्या दुकानदाराची स्थिती काय असावी, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नसते.

परतीच्या वाटेवर त्यांच्या मनात दोन विचार झगडतात. उद्या सकाळी सर्वांच्या आधी तगादा लावला, तर आपली रक्कम कदाचित सुटेल. गप्प बसलो, तर दुसरे आधी पोचतील. व्यवहार म्हणून पहिला विचार चुकीचा म्हणता येणार नाही. त्यांच्याही घरी माणसे आहेत, त्यांनाही देणी आहेत. पण ते वाक्य त्यांच्या कानी पडले ते गादीवर नव्हे, थांब्यावर. बोलणाऱ्याने ते सावकारापुढे नव्हे, सोबत्यापुढे उच्चारले होते.

दरम्यान त्याच मंडळींतील आणखी एकाने, मनात काही वाईट नसताना, सोमवारी बाजारात सहज म्हटलेले असते, “त्यांचे काही खरे दिसत नाही बुवा, काटा विकताहेत.” मंगळवारी दोन घेणेकरी दुकानाच्या पायरीवर उभे राहतात. बुधवारी तिसरा उधार माल देणे थांबवतो. दुकान सहा महिन्यांत सावरले असते. पण पत गेली की सहा दिवसही भारी पडतात. व्यापाऱ्याची पत लोकांच्या जिभेवर उभी असते आणि जीभ तर चहाच्या टपरीवर सर्वांत सैल सुटते.

घाऊक व्यापारी त्याच संध्याकाळी दुकानदाराच्या घरी जातात. “शेठ, रविवारपासून तुमचाच विचार मनात आहे. झोप लागते का?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. रकमेचे बोलणे नंतर, वही समोर ठेवून, दोघांच्या संमतीने होते. हप्ते ठरतात. मुलाला फोन लावला जातो आणि दुकान चालवायचे की सन्मानाने आवरायचे, याची चर्चा प्रथमच उघडपणे होते. घेणे त्यांनी सोडलेले नसते. आपल्याला जे कळले, ते ज्याचे होते त्याच्याकडेच घेऊन ते गेले, एवढाच फरक.

अशा गप्पांना घरातील वडीलधारे ‘विकथा’ म्हणून नाके मुरडतात. भोजनाच्या आणि राजकारणाच्या निरर्थक गोष्टी शास्त्राने विकथेत मोजल्या आहेत, ही त्यांची आठवण रास्तच आहे. परंतु बोलणे निरर्थक कशाने होते, हेही पाहिले पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटे दस्तऐवज करणे आणि ठेव बुडविणे हे पेढीवरचे दोष तर आहेतच. पण दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उघड करणे आणि त्याच्या चेहऱ्यावरून, हावभावांवरून मनातील हेतू ओळखून तो मत्सराने प्रकट करणे हेही त्याच यादीत आहेत. शेवटच्या दोषाला ‘साकारमंत्रभेद’ म्हणतात. ध्यानात घेण्यासारखे हे की, असा माणूस खोटे बोललेला नसतो. काटा खरोखरच विकायला काढलेला होता. तरीही सत्यव्रताला डाग लागतो, कारण त्या सत्यावर बोलणाऱ्याचा अधिकार नव्हता. बाजारात तो मत्सराने बोलला नव्हता, हे खरे. पण दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या घेणेकऱ्यांना त्याने काय फरक पडला?

ठेव म्हणून आलेल्या रकमेला हात न लावण्याची शिकवण व्यापारी घरात मुलाला न सांगता मिळते. थांब्यावर कानी पडलेला शब्दही तशीच ठेव आहे. तिची पावती नसते, साक्षीदार नसतो, म्हणून ती अधिक जपावी लागते.

या भीतीने बोलणेच बंद करावे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बोलायला जागा उरली नाही, तर काट्याची गोष्ट ओठांवर येणारच नाही आणि घरच्यांना कळेल ते दुकानाला कुलूप लागल्यावर. अलीकडे व्यापारी घरांतील सुना-मुलीही पहाटे सायकल घेऊन निघू लागल्या आहेत. त्यांच्या थांब्यावरही घरातले, माहेरचे, तब्येतीचे बोलणे निघते आणि ते फुटले तर त्याची किंमत त्यांना घराच्या चार भिंतींत मोजावी लागते. म्हणून सोबत दोघींची असो वा दहा जणांची, पथ्य एकच: ऐकावे मोकळेपणाने, विचारावे ज्याचे त्याला आणि सांगू नये तिसऱ्याला.

यात घरच्यांनाही एक काम आहे. सायकल अंगणात लागली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, “आज किती किलोमीटर?” त्याऐवजी कधी “सोबतचे सगळे बरे आहेत ना?” असे विचारून पाहावे. आणि हेल्मेट खुंटीला अडकवीत आलेल्या माणसाने क्षणभर थांबून “बरे आहेत” एवढेच उत्तर दिले, तर पुढचा प्रश्न न विचारता त्याच्यापुढे गरम नाश्ता ठेवावा.