कुटार लवकर बंद करू नका : ढोराचं पोट एका दिवसात बदलत नाही



मृगाचं पाणी पडून आठ-दहा दिवस झाले की धुऱ्यावर कोवळं गवत दिसायला लागते. त्याच आठवड्यात आपल्याकडे कुटाराच्या खोलीला कडी लागते आणि डॉक्टरांचे फोन वाजायला लागतात. बकरीले हगवण लागली, गोऱ्हा रवंथ करत नाही, काल चांगलं होतं पिल्लू अन् सकाळी मेलेलं दिसलं. दरवर्षी आपण हे हवेवर ढकलतो, साथीवर ढकलतो, कोणाची नजर लागली म्हणतो. माझं मत सरळ आहे. यातली बरीच जनावरं चारा एकदम बदलल्यामुळं आजारी पडतात. आणि मग आपण औषधाच्या दुकानाकडं धावतो, गव्हाणीत काय पडलं आहे ते पाहत नाही.

ढोराच्या मोठ्या पोटात, म्हणजे डॉक्टर लोक ज्याला रुमेन म्हणतात त्यात, विरजण असते असं समजा. कोट्यवधी जिवाणू असतात. कडबा, तणस, कुटार पचवणारे वेगळे आणि दाणा, पीठ पचवणारे वेगळे. जनावर जे रोज खाते त्याप्रमाणं त्यांची संख्या जमलेली असते. उन्हाळाभर तुरीच्या कुटारावर आणि गव्हांड्यावर राहिलेल्या बकरीला एका दिवसात पोटभर कोवळा पाला दिला तर तिच्या पोटात तो पचवणारी फौजच पुरेशी नसते. तिला जमायला दहा ते चौदा दिवस लागतात. कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते, आणि लाळच तर पोटातला आंबटपणा मोडते.

दाण्याचं आणि शिजलेल्या अन्नाचं याहून वाईट. त्यात स्टार्च असतो, तो झपाट्यानं आंबतो. चांगल्या पोटाचा सामू सहा-सातच्या मधात असतो. तो साडेपाचच्या खाली गेला की जनावर चारा सोडते. आणखी खाली गेला की रवंथ बंद, दात खाणं, डोळे खोल जाणं, आंबूस वासाचं पाण्यासारखं शेण, आणि मग बसलेलं जनावर उठत नाही. वाचलं तरी पुढं खुरं दुखून लंगडते.

आता लग्नसराईवर बोलतो, कोणाला राग आला तर येऊ द्या. मंगल कार्यालयातून उरलेला भात, पोळ्या, बुंदी ट्रॉलीनं आणून आखरावर ओततात आणि म्हणतात, मुक्या जिवाच्या मुखी लागलं. अन्न वाया जाऊ नये हे मलाही पटते. पण ज्या गाईनं महिनाभर काडी चघळली तिच्यापुढं घमेलंभर भात टाकणं यात पुण्य कुठलं? 2024 च्या जूनमध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात एका गोठ्यात मैद्याचे पोरोट्टे आणि फणस जास्त खाण्यात आल्यानं पाच गाई मेल्या होत्या. पेपरात आलं, आपण वाचलं, आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच. त्या ढिगात प्लास्टिकच्या पन्न्या आणि द्रोण असतात ते वेगळंच.

पोळ्याचंही तसंच. बैलाला पुरणपोळी दिलीच पाहिजे, सण आपलाच आहे. पण एका घराची एक, दुसऱ्या घराची एक, असं करत दहा दारं फिरलं की बैलाच्या पोटात किती डाळ-गूळ-कणीक गेली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाकडाचा बैल मिरवतो आणि खरा बैल गोठ्यात पोट धरून उभा असतो. चतकोर पोळी नैवेद्याची, बाकी घरच्या माणसांनी खावी. बैलापुढं त्या दिवशीही आधी कडबा पडला पाहिजे.

मागे नागपूरहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्याच्या पोरीनं गिनीपिग पाळला होता. दुकानदारानं दिलेलं खाणं बंद करून यांनी त्याला काकडी, कोबी, पोळी सुरू केली, त्याला हगवण लागली. मला म्हणे, भाऊ, तुम्ही ढोरावाले, काही सांगा. त्याचं पोट ढोरासारखं नाही, तो रवंथ करत नाही, त्याचा चारा मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो. पण नेम तोच. मी म्हटलं, ओला भाजीपाला बंद कर, वाळलं स्वच्छ गवत पुढं ठेव, पाणी ठेव, आणि आजच डॉक्टर गाठ. एवढंसं जनावर दिवसभर उपाशी राहिलं तर आतडं थांबते आणि ते मरते. माणसाची ॲमॉक्सिसिलिनची गोळी फोडून द्यायची नाही हेही सांगितलं, कारण त्या औषधानं त्याच्या पोटातलं चांगलं विरजणच मरते. त्याच्या अंगात जीवनसत्त्व क तयार होत नाही, आपल्यासारखंच, म्हणून बरं झाल्यावर ढोबळी मिरचीची फोड हळूहळू सुरू करायची. पेरूसारख्या देशात डोंगरातले शेतकरी हजारो वर्षांपासून हे जनावर मांसासाठी पाळतात. म्हणजे तोही शेतकऱ्याच्याच गोठ्यातला गडी.

आपल्या जनावराचं बिघडलं तर करायचं काय? आधी दाणा, ढेप, चुनी, हिरवं सगळं बंद. फक्त चांगला वाळला कडबा किंवा तणस, थोडा थोडा, आणि स्वच्छ पाणी. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. चांगल्या जनावराचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ उचलते. उचलत नसेल तर वाट पाहू नका, 1962 वर फोन लावा, पशुसंवर्धनाची फिरती गाडी येते. दाणा किंवा भात जास्त खाल्ल्याचं नक्की माहीत असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, मोठ्या बैलाला 100 ते 150 ग्रॅम, बकरीला 15 ते 20 ग्रॅम, हे डॉक्टर येईपर्यंत चालते, पण फोनवर विचारून. पाजताना मान आभाळाकडं ताणू नका. औषध फुप्फुसात गेलं तर पोट बरं होऊन जनावर निमोनियानं जाते. आणि जे आडवं पडलं आहे, गिळत नाही, त्याच्या तोंडात काहीच ओतू नका.

बरसीम, लसूणघास किंवा ओली चवळी खाऊन डावी बाजू ढोलासारखी फुगली तर ती गोष्ट वेगळी. तिथं गोडं तेल कामाचं, बकरीला 50 ते 100 मिली, आणि पुढचे पाय उंचावर करून उभं ठेवायचं. तिसरी गोष्ट कोवळ्या ज्वारीची. पाण्याचा ताण बसलेली, गुडघ्याएवढी ज्वारी खाऊन जनावर तडफडलं तर ते अपचन नाही, विष आहे. तिथं सोडा-तेल करत बसलात तर गेलं. डॉक्टरच्या सुईशिवाय इलाज नाही.

जुने लोक निरोगी ढोराच्या तोंडातला रवंथ काढून आजारी ढोराला चारत. पोरं हसत. आज पशुवैद्यही निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी काढून आजारी जनावराला पाजतात. आपल्या नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे, सेमिनरी हिल्सवर. जनावर गाडीत घालून नेण्यासारखं असेल तर तिथं न्या.

कृषी सहायक आणि साहेब लोकही हे पान वाचतात, त्यांना एक बोलायचं आहे. तुम्ही शिबिरात नेपियरचे ठोंब देता, मुरघासाच्या बॅगा दाखवता, दहा बकऱ्या अन् एक बोकड योजनेत देता. चांगलं आहे. पण मुरघास स्वतःच आंबट असतो, तो पहिल्या दिवशी एक मूठ अन् दुसऱ्या आठवड्यात पाटी, हे कोणी सांगत नाही. बाजारातून आणलेली बकरी तिकडं बाभळीच्या शेंगा अन् पाला खात होती, इथं आल्या दिवशी तिला मका अन् ढेप. पंधरा दिवसांत दोन मेल्या की लाभार्थी म्हणते योजना खोटी, तुम्ही म्हणता शेतकऱ्याला पाळता येत नाही. शेळी घेताना तिथल्याच चाऱ्याचं एक पोतं सोबत आणायचं, आणि दर तीन दिवसांनी पाव हिस्सा बदलायचा. एवढं एक वाक्य मंजुरीच्या कागदावर छापा.

आणि आंत्रविषाराची लस. कोवळं गवत आणि दाणा एकदम पोटात गेला की हा रोग उठतो, धडधाकट पिल्लू रातोरात नेतो. लस पावसाच्या आधी, मे महिन्यात द्यायची असते. पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. ज्यांची राहिली त्यांनी या आठवड्यात दवाखान्यात विचारा, आणि तोवर बकऱ्या सकाळी सोडण्याआधी गव्हाणीत कुटार टाका. अर्ध्या भरल्या पोटाची बकरी कोवळ्यावर तुटून पडत नाही.

तुमच्याकडं यंदा कुटार किती उरलं आहे ते सांगा. पोळ्यापर्यंत पुरेल का?