रूळ जर्मन, उशीर मात्र ओळखीचा

आमच्या लहानपणी घरोघरी 'जर्मनचं पातेलं' असे. ते निव्वळ ॲल्युमिनियमचे असते आणि जर्मनीशी त्याचा काही संबंध नाही, हे बऱ्याच उशिरा कळले. त्याच काळात मनात पक्की बसलेली दुसरी गोष्ट म्हणजे जर्मन वक्तशीरपणा. तिकडच्या आगगाड्या पाहून लोक घड्याळे लावतात, असे परदेशवारी करून आलेला कोणीतरी सांगे आणि आपण माना डोलवत असू. जर्मनीतली जुनी गावे आगगाडीने पाहायची असे ठरवून वेळापत्रक समोर घेतले, तेव्हा ही समजूतही त्या पातेल्याच्याच पंक्तीला बसवावी लागणार, हे लक्षात आले.

बेत साधा होता. पंधरा दिवस, प्रवासी तीन : मी, पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. उत्तरेला ल्यूबेक, मग हार्ट्झ पर्वताच्या पायथ्याचे क्वेडलिनबुर्ग, तिथून बव्हेरियात उतरून बांबेर्ग, न्युरेंबर्ग, रोथेनबुर्ग आणि शेवटी डॅन्यूबकाठचे रेगेन्सबुर्ग. मोटार नाही, सहलकंपनी नाही. मी कागदावर गाड्या जुळवल्या. एका जागी गाडी बदलायला आठ मिनिटे मिळत होती आणि जर्मनीत आठ मिनिटे म्हणजे चैन, अशा समजुतीत मी होतो. तिकडे नोकरी करणारी पुतणी फोनवर हसली. म्हणाली, "काका, आठ मिनिटांत गाडी बदलायची म्हणजे लॉटरीचं तिकीट काढण्यासारखं आहे. आजीला घेऊन तर नकोच." तिच्या या वाक्याने आखणी बाजूला राहिली आणि 'असे का?' याचा शोध सुरू झाला.

आकडेच पाहा. 'डॉइच बान' ही रेल्वे कंपनी संपूर्णपणे जर्मन सरकारच्या मालकीची आहे. २०२४ साली तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या अवघ्या ६२.५ टक्के. २०२५ साली हे प्रमाण आणखी घसरून साठच्या आसपास आले. म्हणजे शंभरातल्या जवळपास चाळीस गाड्या उशिराने. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे 'वेळेवर'च धरतात, आणि जी गाडी रद्द झाली ती या हिशेबात येतच नाही! शेजारच्या स्वित्झर्लंडने तर उशिरा येणाऱ्या काही जर्मन गाड्यांना सीमेवरच्या बाझेल स्थानकात थांबवून पुढे आपली गाडी सोडण्याची पद्धत ठेवली आहे. पाहुण्याच्या उशिरामुळे घरच्यांचे जेवण खोळंबू नये, तसाच हा प्रकार.

हे सगळे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अरे, मग आपल्या कसारा लोकलमध्ये आणि यात फरक तो काय राहिला?" तिचा टोला वरवर विनोदी असला तरी दुखणे नेमके तेच आहे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. एकाच रुळावरून लोकल, मेल आणि मालगाडी धावायची असेल, तर एकीचा खोळंबा तिघींना भोवतो. जपानने आपल्या शिंकानसेनला स्वतंत्र रूळ दिले. जर्मनीत मात्र अतिजलद गाडी पुष्कळ ठिकाणी स्थानिक गाड्या आणि मालगाड्या यांच्याबरोबरच धावते. म्हणून कोलोनजवळच्या गर्दीत अडकलेली गाडी शेकडो किलोमीटरवरच्या प्रवाशाची पुढची गाडी चुकवू शकते.

पण रूळ सामायिक आहेत ही गोष्ट आजची नव्हे. मग घडी बिघडली केव्हा?

जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युरेंबर्गहून शेजारच्या फ्युर्टला गेली. अंतर सहा किलोमीटर, इंजिनाचे नाव 'आडलर' म्हणजे गरुड, आणि चालक इंग्रज. आपल्या बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे अठरा वर्षांच्या आतच. वयाने या दोन्ही रेल्वे तशा बहिणीच. जर्मन रेल्वेच्या आयुष्याला वळण लागले ते १९९४ साली. देश एक झाला होता. पश्चिमेची आणि पूर्वेची अशा दोन्ही रेल्वे एकत्र करून त्या वर्षीच्या १ जानेवारीला त्यांची कंपनी बनवण्यात आली. तोट्यातला सरकारी कारभार संपवून रेल्वेला बाजाराची शिस्त लावायची, हा त्यामागचा विचार. पुढे तर तिचे शेअर विकायचेही घाटत होते. २००८च्या जागतिक आर्थिक संकटात तो बेत बारगळला.

बेत बारगळला, पण त्याच्या तयारीत व्हायचे ते होऊन गेले होते. ताळेबंद चांगला दिसावा म्हणून कमी वापराचे सांधे काढले, बाजूला गाडी उभी करायचे रूळ उखडले, उतारू कमी असलेले फाटे बंद केले. बिनकामाचा वाटणारा रूळ हाच अडचणीच्या दिवशीचा आधार असतो, हे कोणी लक्षात घेतले नाही. त्यात पैशाची वाटणीही विचित्र होती. पूल नव्याने बांधायचा तर खर्च सरकारचा, आणि आहे त्या पुलाची डागडुजी करायची तर ती कंपनीच्या खिशातून. मग डागडुजी करील कोण? पूल मोडकळीला येईपर्यंत थांबणेच कंपनीच्या फायद्याचे. भाड्याच्या घराचे छप्पर कोणी शाकारायचे यावरून मालक-भाडेकरूंची जी तऱ्हा होते, तीच इथे झाली. गाड्या आणि उतारू वाढत गेले, रूळ मात्र आटत आणि म्हातारे होत गेले. कैसरच्या काळातल्या, हाताने दांडे ओढायच्या सिग्नल केबिनी काही ठिकाणी अजून काम करताहेत.

रेल्वेच्या पायाभूत कामांवर २०२३ साली जर्मनीने दरडोई ११५ युरो खर्च केले. ऑस्ट्रियाने ३३६ आणि स्वित्झर्लंडने ४७७. बाझेलच्या स्थानकात एका देशाची गाडी वेळेवर का आणि दुसऱ्याची उशिरा का, याचे पुष्कळसे उत्तर या तीन आकड्यांत आहे. त्यात राष्ट्रीय स्वभावाचा काही भाग नाही. वक्तशीरपणा रक्तात नसतो, तो अंदाजपत्रकात असतो.

आता गंमत अशी की, जी गावे पाहायला आम्ही निघालो आहोत, त्यांतली काही नेमक्या अशाच दुर्लक्षामुळे वाचली आहेत.

रोथेनबुर्गचे पाहा. तटबंदी, बुरूज, उतरत्या छपरांची घरे, अगदी गोष्टीच्या पुस्तकातले गाव. एके काळी संपन्न असलेले हे शहर सतराव्या शतकातल्या युद्धानंतर मागे पडले. मोठ्या व्यापाराने पाठ फिरवली, रेल्वेचा मुख्य मार्गही बाजूने गेला, आणि १८७३ साली वाट्याला आला तो श्टाइनाखहून येणारा छोटा फाटा. जुने पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुने राहिले. क्वेडलिनबुर्गमध्ये लाकडी चौकटीत भिंती भरलेली तेराशेच्या आसपास घरे आहेत. पूर्व जर्मनीच्या राजवटीत ती कुजत चालली होती. सरसकट पाडून काँक्रीटच्या इमारती उभारण्याइतका पैसा नव्हता, हे त्यांचे नशीब. १९९४ साली हे गाव जागतिक वारसा यादीत गेले. रेल्वेची कंपनी झाली तेच हे वर्ष.

परंतु केवळ दुर्लक्षाने काहीच टिकत नाही, हेही याच गावांत दिसते. ल्यूबेकवर मार्च १९४२ मध्ये बॉम्ब पडले. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या घंटा आगीत कोसळल्या. फरशीत रुतलेले त्यांचे तुकडे आजही तसेच ठेवले आहेत, भोवतीचे चर्च मात्र लोकांनी पुन्हा उभारले. रोथेनबुर्गवर ३१ मार्च १९४५ रोजी हल्ला झाला आणि गावाचा मोठा भाग जळाला. तटबंदी पुन्हा बांधली गेली ती जगभरच्या देणगीदारांच्या पैशाने. त्यांच्या नावांचे दगड भिंतीत बसवले आहेत, आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर असतात तसेच. क्वेडलिनबुर्गची घरे राजवट बदलल्यावर एकेक करून दुरुस्त करावी लागली. गरिबीने घर पाडण्यापासून वाचते, पण ते राहण्याजोगे ठेवायला दरवर्षी हात लावावाच लागतो. घरांच्या बाबतीत जर्मनांना हे कळले, रुळांच्या बाबतीत मात्र तीस वर्षे लागली.

हे सगळे वाचून झाल्यावर आखणी नव्याने केली. तिचे नियम सांगतो, कोणाला उपयोगी पडतील.

पहिला नियम, लांब पल्ल्याच्या गाड्यांवर कमीत कमी विसंबायचे. स्थानिक गाड्या संथ असल्या तरी वेळेच्या बाबतीत बऱ्याच बऱ्या आहेत. त्यांच्यासाठी देशभर चालणारे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंत सुरू झाले. २०२५ मध्ये ते ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. परदेशी पाहुण्यालाही ते घेता येते. मात्र ते दरमहा आपोआप पुढे चालू राहते, तेव्हा महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नये.

दुसरा नियम, गाडी बदलायची ती दोन तास रमण्याजोग्या गावात. ल्यूबेकहून क्वेडलिनबुर्गला एका दमात जाण्याऐवजी आता ल्यूनेबुर्गला मुक्काम आहे. हे मिठाचे गाव. इथले मीठ शतकानुशतके ल्यूबेकला जाई आणि तिथून बाल्टिकभर. त्याची वखारे ल्यूबेकच्या वेशीपाशी अजून उभी आहेत. पुढे एर्फुर्टला गाडी बदलताना दोन-अडीच तास ठेवले आहेत. तिथे एका पुलावर दोन्ही बाजूंनी घरे आहेत आणि त्यांत माणसे राहतात. गाडीला उशीर झाला तर आमचे पुलावरचे हिंडणे कमी होईल, बांबेर्गला जाणारी गाडी चुकणार नाही.

तिसरा नियम, एका गावी बिऱ्हाड करून आसपास हिंडायचे. न्युरेंबर्गला चार रात्री राहायचे आणि रोथेनबुर्गला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. त्यामुळे आईला दोन-दोन गाड्या बदलाव्या लागल्या तरी हातात सामान नसेल. आणि चौथा, दिवसाची शेवटची गाडी ही आपली गाडी समजायची नाही.

एवढे करूनही एक गाठ उरलीच. जर्मनीने आता दुरुस्तीचे काम एकदम हाती घेतले आहे. चालत्या गाड्यांच्या मधल्या वेळात ठिगळे लावत बसण्याऐवजी अख्खा मार्ग महिनोन्महिने बंद ठेवायचा आणि रूळ, सांधे, तारा, सिग्नल सगळे बदलायचे. फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग २०२४ मध्ये पाच महिने असा बंद होता. हँबुर्ग-बर्लिन मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला, तो नऊ महिन्यांच्या बोलीवर. असे सुमारे चाळीस मार्ग आहेत. आमच्या यादीतल्या न्युरेंबर्ग-रेगेन्सबुर्ग मार्गाची पाळी ठरली ती फेब्रुवारी ते जुलै २०२६. तेवढ्या काळात रुळांऐवजी बस. म्हणून आम्ही प्रवास सप्टेंबरवर ढकलला. मार्च २०२५ मध्ये तिथल्या संसदेने पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंच्या कर्जनिधीला वाट मोकळी करून दिली. त्यातला वाटा रेल्वेलाही आहे. पण सगळे मार्ग २०३० पर्यंत नीट करण्याची मुदत आताच काही वर्षे पुढे गेली आहे. तीस वर्षांचे साचलेले काम पैसे आले म्हणून पाच वर्षांत उरकत नाही. त्याला माणसे लागतात, यंत्रे लागतात आणि दरम्यान लोकांना धीर धरावा लागतो.

आपल्याकडे सध्या नव्या मार्गिका, नव्या गाड्या, नवी स्थानके यांचे दिवस आहेत. उद्घाटनाला फीत असते, डागडुजीला नसते. सांध्याला तेल घातले म्हणून कोणी हार घालत नाही. जर्मन रेल्वेची कहाणी नीट वाचावी ती एवढ्यासाठी. तिला बुडवायला कोणी शत्रू आला नाही, कोणी मोठा घोटाळाही लागला नाही. दरवर्षी 'यंदा चालून जाईल' एवढे म्हणणे पुरेसे झाले.

आमच्या सहलीचा शेवटचा मुक्काम रेगेन्सबुर्गचा आहे. तिथे डॅन्यूबवर बाराव्या शतकातला दगडी पूल आहे. २०१० ते २०१८ अशी आठ वर्षे त्याची दुरुस्ती चालली. त्याआधीच मोटारी बंद करून तो पायी चालणाऱ्यांना मोकळा केला होता. आईला तो पूल पायी ओलांडायचा आहे. साडेआठशेहून अधिक वर्षे उभा असलेला पूल तिच्या गुडघ्यांची घाई करणार नाही.